नागपुरात नवे आहात? गोड पांढरी वाइन घेण्याआधी एवढं वाचा

बदलीवर आलेली, मिहानमध्ये रुजू झालेली किंवा लग्न होऊन इकडे आलेली पुण्या-मुंबईकडची मंडळी भेटली की प्रश्न ठरलेले असतात. घर कोणत्या भागात घ्यावं, कूलर कोणता घ्यावा, सावजी कुठलं खावं. पुढचा प्रश्न जरा आवाज खाली करून येतो: इथे बरी वाइन मिळते का हो, आणि त्यातही गोड? मी मूळची नाशिकची, आता पक्की नागपूरकर झालेली. त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी दुकानाचं सांगते. पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं असतं, पण आत राज्य व्हिस्की-रमचं. वाइनला एखादा कप्पा मिळतो आणि तोही बहुधा सगळ्यात वरचा, ट्यूबलाइटच्या अगदी खाली. तुम्ही जाळीपलीकडून बोट दाखवणार, आतला पोरगा स्टुलावर चढून बाटली काढणार. नुसतं ‘गोड वाइन द्या’ म्हणालात तर उत्तर पाठ आहे: “गोडवाली पाहिजे का मॅडम? मग हे पोर्ट घेऊन जा न, सगळे हेच नेतात.” पोर्ट म्हणून जे हातात पडतं ते लाल असतं, आणि आपण शोधतोय ती ही नव्हे. म्हणून नाव घेऊन मागा. शेनिन ब्लाँ आणि रीसलिंग (या द्राक्षांच्या जाती), मॉस्कातो, लेट हार्वेस्ट ही चार नावं लक्षात ठेवली तरी बहुतेक काम भागतं. बिअर शॉपीतही वाइन ठेवायला परवानगी असते आणि तिथली गर्दी जरा सुसह्य असते. पण माल थोडाच आणि बऱ्याचदा जुना. सदर, धरमपेठ, रामदासपेठ या बाजूंची एसी असलेली मोठी दुकानं गाठा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

एसीचा आग्रह धरते, त्याला कारण आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. वाइनला पंधराएक अंश मानवतात. पंचविशीच्या वर ती फार दिवस राहिली की तिचा सुवास उडतो आणि उरते ती फळं शिजवून ठेवल्यासारखी चव. लाल वाइन थोडंफार सोसते, पांढरी अजिबात नाही. आता बंद शटरमागे, पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेली बाटली कशी असेल याचा विचार करा. बाटली हातात आली की मान तपासा. बुचाभोवती चिकट ओघळ असेल किंवा बूच वर आलेलं असेल तर परत द्या. रंग बघा. ताज्या शेनिनचा रंग फिका, गवताळ-पिवळसर असतो. तपकिरी झाक आली असेल तर ती वाइन संपलेली आहे. लेबलवरचं साल बघा. नाशिककडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात आणि त्यातल्या साध्या पांढऱ्या वाइन साठवायच्या नसतातच. गेल्या एक-दोन वर्षांतली असेल तर घ्या. सवलतीत लावलेली चार वर्षांपूर्वीची बाटली म्हणजे सवलत नव्हे.

घरी आणतानाही तेच. बाटली डिकीत ठेवून बर्डीवर खरेदीला उतरू नका. कूलरच्या खोलीत आपल्याला बरं वाटतं, बाटलीला नाही. मार्च ते जून तिची जागा फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात.

आता गोडीकडे येऊ. द्राक्षातली साखर आंबताना तिची दारू होते. सगळी साखर संपू दिली की कोरडी वाइन, थोडी राखली की गोडसर. राखायचे मार्ग अनेक आहेत. रस पुरता आंबायच्या आधीच थंड करून किण्व थांबवतात. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून अतिगोड होऊ देतात, तीच लेट हार्वेस्ट. फ्रान्समधल्या सोतेर्न या गोड वाइनसाठी तर द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येऊ देतात. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि मागे राहतो दाट, मधाळ रस. जर्मनीत आणि कॅनडात वेलीवरच गोठलेली द्राक्षं पिळून आइसवाइन करतात. ऑफिसात कुणी ‘गोड वाइन म्हणजे बायकांचं ज्यूस’ म्हणालं, तर बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाचं १८५५ सालचं वर्गीकरण त्याच्या कानावर घाला. गोड आणि लाल धरून सगळ्या वाइनमध्ये त्या यादीत सर्वांत वरचा, स्वतंत्र दर्जा एकट्या शातो द’इकेमला मिळाला होता, आणि ती गोड पांढरी सोतेर्न आहे.

पण नुसती साखर बघून बाटली उचलू नका. गोडीला आंबटपणाची जोड हवी. ती नसेल तर लिंबू न पिळलेल्या सरबतासारखं होतं, दुसऱ्या घोटालाच कंटाळा येतो. शेनिन आणि रीसलिंग यांचं महत्त्व इथे आहे. दोन्ही द्राक्षं मुळातच आंबट, त्यामुळे त्यांच्यातली साखर जिभेवर बसून राहत नाही. लेबलवर साखरेचा आकडा क्वचितच असतो, म्हणून दारूचं प्रमाण बघायची सवय लावा. जर्मन रीसलिंगवर ८-९ टक्के लिहिलं असेल तर बरीच साखर शिल्लक आहे असं समजा. १२-१३ असेल तर ती बहुधा कोरडी. फसफसणारी घेताना मात्र शब्द चकवतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. खरी गोड हवी असेल तर ‘डेमी-सेक’ शोधा, तिच्यात ३२ ते ५० ग्रॅम असते.

इथल्या ताटाबरोबर काय जमतं, हा माझा आवडता विषय. तिखटाच्या जेवणाला गोडसर पांढरी हा उगाच सांगायचा नियम नाही. दारूचं प्रमाण जास्त असेल तर मिरचीची आग वाढते. लाल वाइनचा तुरटपणा तिखटावर कडू लागतो. थोडी साखर, कमी दारू आणि भरपूर गारवा यांनी ती आग आटोक्यात राहते. म्हणून पाहुण्यांना पाटवडी रस्सा, डाळकांदा, भरीत असं जेवण असेल तर नाशिकच्या सुलाची शेनिन ब्लाँ किंवा रीसलिंग चांगली जाते. दोन्हीत गोडी बेताची असते. बाटलीला फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे नव्या घरात बूच काढायचा स्क्रू शोधत बसावं लागत नाही.

पुडाच्या वडीबरोबर तर मी आवर्जून शेनिनच काढते. वडी कढईतून निघालेली, वरचं पापुद्र्याचं कवच कुरकुरीत, आत सांबार, खोबरं आणि खसखस. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर हे एव्हाना तुम्हाला भाजीवाल्याने शिकवलं असेलच.) एक घास खायचा आणि वर गार शेनिनचा घोट घ्यायचा. तेल धुऊन निघतं, सांबाराचा वास तेवढा मागे राहतो. नागपुरात वाइन आणि खाणं यांचं याहून चांगलं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

सावजी मटणाचं मात्र स्पष्ट सांगते. अस्सल तिखट रश्श्यासमोर कोणतीही वाइन हरते. लोक उत्साहाने परदेशी रीसलिंग आणतात आणि तिसऱ्या घासाला ती पाण्यासारखी लागते. तो खर्च करू नका. सावजी पार्सल आणून घरी बैठक करायची असेल तर वाइन आधी, शेंगदाणे-चिवड्याबरोबर प्या. रस्सा आला की ग्लास बाजूला ठेवा.

भिशीला किंवा पहिल्यांदाच चाखणाऱ्यांच्या घोळक्यात मॉस्कातो द’आस्तीसारखं दुसरं काही नाही. इटलीतल्या पीमाँतची ही वाइन. हलके बुडबुडे, दारू फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, वास ताज्या द्राक्षाचा आणि फुलांचा. नाक मुरडणाऱ्या मावशीही दुसऱ्यांदा ग्लास पुढे करतात. आयात शुल्कामुळे महाग पडते आणि प्रत्येक दुकानात नसतेही. नसेल तर नाशिकची गोडसर स्पार्कलिंग चालून जाते. ती उघडल्या दिवशीच संपवा, बुडबुडे उद्यासाठी थांबत नाहीत.

गोडाधोडाच्या जेवणाला काय, असं दिवाळीत हमखास विचारतात. वाइन मिठाईपेक्षा गोड असायला हवी, नाहीतर ती आंबट आणि पातळ लागते. आता आपली बासुंदी किंवा पुरणपोळी घ्या. यांच्यापेक्षा गोड वाइन जगात फार थोड्या आहेत. त्यामुळे पुरणाच्या ताटाशेजारी वाइन ठेवूच नये या मताची मी आहे, तिथे तूपच हवं. संत्रा बर्फी मात्र चालते. तिच्यात संत्र्याचा आंबटपणा आणि सालीचा किंचित कडवटपणा असतो, त्यामुळे मधाळ लेट हार्वेस्ट शेनिन तिच्याशी जुळवून घेते. याहून माझा कल खाऱ्याकडे आहे. फ्रान्समध्ये सोतेर्नबरोबर रोकफोर हे खारट निळं चीज खातात. आपल्याकडे खारे काजू किंवा तिखटमिठाचा पोह्यांचा चिवडा तेच काम करतो. लेट हार्वेस्टची बाटली लहान असते, ३७५ मिलीची, आणि तेवढी सहा-सातजणांना पुरते. पेला भरायचा नाही, पन्नास-साठ मिली बास. साखर भरपूर असते, मधुमेह असलेल्या पाहुण्याला आधीच सांगा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते. साधी शेनिन तीन-चार दिवसांत संपवलेली बरी.

गार किती करायची? फ्रिजमध्ये तीन तास. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, मूठभर मीठ टाका, बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर बर्फ बाटलीला जागोजागीच टेकतो आणि वेळ लागतो. उन्हाळ्यात ग्लासात थोडी थोडी ओता, कारण गरम झालेली गोड वाइन पाकासारखी लागते. डिसेंबरमध्ये हीच चिंता उलटी होते. गच्चीवर हुरड्याचा बेत असेल तर बाटली कठड्यापाशी ठेवली तरी गार राहते. खरं तर महागडी बाटली घ्यायची ती थंडीतच, दुकानातही आणि घरातही ती त्या दिवसांत नीट राहते.

भेट म्हणून न्यायची असेल तर आधी विचारा. इथे बऱ्याच घरांत दारू चालत नाही आणि तसं तोंडावर सांगायचा संकोच असतो, मग बाटली कपाटात पडून राहते. माहिती नसलेल्या घरी बर्फीचा डबा न्या. माहितीतल्या घरी लेट हार्वेस्टची लहान बाटली शोभून दिसते आणि खिशालाही परवडते.

राहिलं कायद्याचं. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, इतर कडक दारूसाठी २५. पिण्याचा परवाना लागतो. दुकानात सहसा कुणी विचारत नाही, पण काढून ठेवा, ऑनलाइनही निघतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीच्या आधीचे दिवस कोरडे असतात, पाहुण्यांचा बेत त्या हिशेबाने ठरवा.

नव्या लोकांना हमखास माहीत नसलेली गोष्ट म्हणजे शेजारचे जिल्हे. वर्धा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. सेवाग्रामला किंवा वर्ध्याच्या नातेवाइकांकडे जाताना गाडीत बाटली ठेवायची नाही, अर्धी उरलेलीसुद्धा नाही. नाशिकहून स्वस्तात पेटी आणतो म्हणणाऱ्यांनीही एवढं ध्यानात घ्यावं: समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच नागपुरात येतो.