फ्रेंच महिने एका संध्याकाळी होतात, तारखांना वेळ लागतो

अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं आणि नोकरी सांभाळून डेल्फ ए-वनची (फ्रेंचच्या सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा) तयारी करणारे, दोघांनाही माझं आधी हेच सांगणं असतं की महिन्यांचं टेन्शन घेऊ नका. ज्हाँव्हिए, फेव्ह्रिए, मार्स, आव्ह्रिल, मे... सप्टेंबरपासून तर सेप्ताँब्र, ऑक्तोब्र, नोव्हाँब्र, देसाँब्र असं आपोआप लागतं. घोळ मधल्या तिघांचा. जून म्हणजे ज्वँ, जुलै म्हणजे ज्वीये, घाईत बोललं की सुरुवात सारखीच वाटते म्हणून शेवटाकडे कान ठेवायचा. आणि ऑगस्ट, त्याला कोणी ऊ म्हणतं कोणी ऊत, दोन्ही बरोबर, वाद घालत बसू नका. लिहिताना महिन्याचं पहिलं अक्षर कॅपिटल नाही, वारांचंही नाही, इंग्रजीची सवय इथेच नडते.

आता तारखा. एक तारीख तेवढी प्रमिए म्हणजे 'पहिली', बाकी सगळे साधे आकडे, दोन मार्च म्हणजे ल द मार्स (द म्हणजे दोन, आणि ल हा इंग्रजीतल्या the सारखा तारखेआधी येतो), संपलं. ८ आणि ११ लाही ल तसाच राहतो, ल वित, ल ओंझ, स्वर आला म्हणून तो जोडून टाकायचा नाही. उच्चारात २० चा नुसता व्हँ होतो पण २१ ते २९ मध्ये त ऐकू येतो, व्हँत-द, व्हँत-कात्र, आणि ८१ पासून पुढे (ऐंशी म्हणजे कात्र-व्हँ, 'चार वीस') तोच त पुन्हा गायब! हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, मोठ्याने बोलूनच बसतं.

खरा घाम सालाला फुटतो. १९९८ म्हणजे मिल नफ साँ कात्र-व्हँ-दिझ-वित, यातले ९८ म्हणजे चार वीसा आणि वर अठरा. ऑडिओत कात्र ऐकलं की मुलं लगेच ४ लिहून मोकळी होतात आणि मग खाडाखोड. म्हणून पेन उचलायचंच नाही, आकडा पूर्ण संपू द्यायचा, ए-वनला ऑडिओ दोनदा लावतात त्यामुळे दुसऱ्या वेळी खात्री करता येते. बेल्जियम-स्वित्झर्लंडचे लोक नव्वदला सरळ नोनाँत म्हणतात, सुखी माणसं.

सरावाला मी घरच्यांचे वाढदिवस सालासकट बोलायला लावते. आजी-आजोबांची सालं सगळ्यात उपयोगी, कारण सत्तरच्या आधीचे आकडे सोपे आणि नंतरचे अवघड, आई-बाबांपर्यंत येईस्तोवर बरोब्बर गाडी अडते. शिवाय १४ जुलै (त्यांचा राष्ट्रीय दिवस), ११ नोव्हेंबर (१९१८ चा युद्धविराम), १ मे हे पाठच करून टाका, वर्गात आणि उताऱ्यांत सतत भेटतात. फॉर्म भरताना जन्मतारीख आपल्यासारखीच दिवस-महिना-वर्ष, तिथे काही शिकायचं नाही.

एक बारीक गोष्ट कोणी पटकन सांगत नाही. नुसतं लँदी म्हणजे हा सोमवार आणि ल लँदी म्हणजे दर सोमवारी, क्लासच्या वेळेचा मेसेज असेल तर एवढ्याशा ल ने उत्तर बदलतं. आणि कोणी 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दाँ कँझ ज्हूर म्हणालं तर कॅलेंडरवर पंधरा घरं मोजू नका, दोन आठवडे धरा. वित ज्हूर, आठ दिवस, म्हणजे एक आठवडा. आपणही 'आठवडा'च म्हणतो की, तेव्हा मराठी माणसाला हे कळायला हरकत नाही.