जुन्या गेमची सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालत नसेल तर

सीडी ड्राइव्हमध्ये फिरतेय, फाइली दिसताहेत, इन्स्टॉलही नीट झालं. पण आयकॉनवर क्लिक केलं की काहीच होत नाही, नाहीतर «योग्य सीडी घाला» असा संदेश येतो. २००० ते २०१० या काळात विकत घेतलेल्या गेमची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे सीडीची तपासणी चुकवणारी बदललेली फाइल, आणून देतं. तो लावण्याआधी एवढं लक्षात घ्या, की अशा वेळी बहुधा गेम शाबूत असतो आणि सीडीही. चालेनासं झालेलं असतं ते कंपनीने नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. कुलूप कोणतं आहे हे कळलं की पुढची वाट आपोआप ठरते.

पण आधी सीडी वाचली पाहिजे, आणि सांगलीत हा प्रश्न जरा मोठा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या मजल्यांवरची कपाटं गाळाने भरली. त्यातल्या सीडी अजून तशाच मळकट अवस्थेत ठेवलेल्या असतील तर त्या थेट ड्राइव्हमध्ये घालू नका. गाळाचे कण फिरताना चरे पाडतात आणि ड्राइव्हची लेन्सही खराब करतात. साध्या गार पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून सीडी धुवा. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं, म्हणजे डिस्टिल्ड, घ्या, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल चरा डेटाच्या रेषेला समांतर जातो आणि सलग बरीच माहिती खातो, आडवा चरा मात्र ड्राइव्हला सावरून घेता येतो. मग सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवलेली सीडी वाकते.

ती बल्बसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकाकता थर गेला आहे आणि तो परत येत नाही. सीडीमध्ये हा थर चित्राच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. म्हणून खालच्या बाजूचा चरा पॉलिशने निघू शकतो, चित्राच्या बाजूचा निघत नाही. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे तिथे कडेने पाणी शिरलंय का ते बघा.

खोक्यातली पुस्तिका सीडीइतकीच महत्त्वाची. सीरियल की, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायचा अक्षरं-आकड्यांचा कोड, बहुधा तिच्या मागच्या पानावर किंवा डबीच्या आत चिकटवलेली असते. पानं ओली असतील तर ओढून सुटी करू नका. पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली की बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येतात. की दिसताक्षणी तिचा फोटो काढा. शून्य आणि «ओ», ८ आणि «बी» यांची गल्लत फार होते. की चालत नाही असं वाटलं तर आधी ही अक्षरं अदलाबदल करून पाहा.

कुलूप कसं ओळखायचं

फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करा आणि सीडी उघडा. सीएलसीडी३२.डीएलएल, ०००००००१.टीएमपी, सेकड्रव्ह.एसवायएस अशी नावं दिसली तर ते सेफडिस्क. सीएमएस_एनटी.डीएलएल असेल तर जुनं सिक्युरॉम. नव्या सिक्युरॉमचा संदेश ठरलेला असतो: «अ रिक्वायर्ड सिक्युरिटी मॉड्यूल कॅनॉट बी ॲक्टिव्हेटेड». प्रोटेक्ट.डीएलएल आणि प्रोटेक्ट.ईएक्सई बहुधा स्टारफोर्सची.

सेफडिस्कची गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आपल्याकडच्या लोकप्रिय गेमांमध्ये ते भरपूर होतं. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५) त्यातलाच. सीडीच्या काही सेक्टरमध्ये मुद्दाम चुका पेरलेल्या असतात. साध्या रायटरने कॉपी केली की त्या चुका हुबेहूब उतरत नाहीत आणि गेमला नक्कल कळते. ती तपासणी करायला विंडोजच्या अगदी आतल्या थरात एक ड्रायव्हर चालतो. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक निघालं. सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने तो व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वर बंद केला आणि विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही. म्हणून खरी, पैसे मोजून घेतलेली सीडीसुद्धा नव्या मशीनवर बंद दाराशी उभी राहते. ज्याने नक्कल वापरली त्याचं काही अडलं नाही, अडलं ते प्रामाणिक ग्राहकाचं. हे सरळसरळ अन्यायाचं आहे, आणि क्रॅक न लावताही त्यातून वाट निघते.

कुठून सुरू करायचं

आधी कंपनीचा अधिकृत शेवटचा पॅच, म्हणजे गेम सुधारणारी फाइल, शोधा. अनेकांनी काही वर्षांनी सीडीची अट स्वतःच काढून टाकली. अनरिअल टूर्नामेंट २००४ च्या पुढच्या पॅचमध्ये ती अट गेली. स्टारक्राफ्टच्या २००८ मधल्या १.१५.२ पॅचनंतर सीडीवरची मोठी फाइल हार्ड डिस्कवर ठेवली की सीडी लागत नाही, आणि २०१७ पासून तर मूळ स्टारक्राफ्ट फुकटच मिळतो. काही जुन्या की आजही कामाला येतात: हाफ-लाइफच्या डबीवरची की स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात नोंदवता येते.

पॅच नसेल तर तोच गेम गॉगवर आहे का बघा. २००८ मध्ये सुरू झालेलं हे पोलंडचं दुकान कुलूप नसलेले गेम विकतं. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून देतं, आणि सेलमध्ये बरेच जुने गेम एका पिझ्झ्याच्या किमतीत येतात. दिवसभर सीडीशी झटापट करण्यापेक्षा हा खर्च परवडतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोस्ट वाँटेडसारखे गेम मात्र कुठल्याच मोठ्या डिजिटल दुकानात विकत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी जुनी मशीन जिवंत ठेवणं हाच खरा उपाय. घरात विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर पडून असेल तर तो भंगारात घालू नका आणि त्यावरची चालू एक्सपी पुसू नका. कोअर टू ड्युओ, १ ते २ जीबी रॅम आणि त्या काळचं ग्राफिक्स कार्ड या गेमांना पुरेसं आहे. आधी बाजूचं झाकण काढून धूळ उडवा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का बघा. फुगले असतील तर मशीन चालू करण्याआधी ते बदलून घ्या. सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर दर वेळी तारीख आणि बायोसची (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग उडतात. नवी साटा हार्ड डिस्क लावून एक्सपी टाकायची असेल तर बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर न्या. नाही केलं तर ७बी या आकड्याची निळी स्क्रीन येते आणि लोक उगाच डिस्कला दोष देतात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा या मशीनला नेटची केबल लावायची नाही. तिच्यावर बँकेचं, मेलचं काहीही काम नको.

विंडोज ७ ची मशीन असेल तर बंद केलेली सेकड्रव्ह ही सर्व्हिस, म्हणजे सेफडिस्कचा तो ड्रायव्हर, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तात्पुरती सुरू करता येते. खेळ झाला की ती परत थांबवा, आणि हेही नेटशिवायच करा. स्टारफोर्सच्या सीडी नव्या विंडोजवर टाकूच नका.

कधी कुलूप नसतं तरी गेम चालत नाही. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने इन्स्टॉलर चालत नाहीत, जरी आतला गेम ३२ बिटचा असला तरी. डायरेक्टप्ले मागितलं तर विंडोज फीचर्समधल्या लेगसी कंपोनंट्समध्ये त्याला टिक करा. डी३डीएक्स९_४३ नावाची फाइल नाही असं म्हणालं तर ती एकटी फाइल कुठून तरी डाउनलोड करू नका, मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम टाका. रंग विस्कटले किंवा स्क्रीन काळी राहिली तर जुने ग्राफिक्स नव्या कार्डावर चालवणारं डीजीवूडू२ बहुतेक वेळा काम करतं. विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या गेमना डॉसबॉक्स हा प्रोग्राम.

राखीव प्रत

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रामची हरवणं-बिघडणं यापासून बचाव म्हणून प्रत करता येते. ती वाटता किंवा विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं.

प्रत काढताना इमेज, म्हणजे सीडीची फाइलमधली पूर्ण नक्कल, कोणत्या प्रकारची हवी हे बघा. फक्त डेटा असेल तर आयएसओ चालतं. पण क्वेक (१९९६) सारख्या सीडीवर संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असतं. आयएसओ केलं की गेम मुका होतो, तिथे बिन आणि क्यू अशी जोडी लागते. वाचण्याचा वेग ४ किंवा ८ एक्सवर आणा. सेफडिस्कच्या सीडीवर सुरुवातीच्या भागात वाचन अडखळलं तर घाबरू नका, त्या पेरलेल्या चुका आहेत, चरे नाहीत. अशा इमेजने कुलूप उघडणार नाही, पण आतल्या फाइली वाचतात. पुढे अधिकृत पॅच हाती आला तर त्याच उपयोगी पडतात.

गॉगचे ऑफलाइन इन्स्टॉलरही उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. स्टीमचे गेम मात्र कॉपी केले तरी बहुतेकांना लॉगिन लागतंच. नेट अधूनमधून जाणाऱ्या गावात राहत असाल तर नेट असताना प्रत्येक गेम एकदा सुरू करून घ्या आणि मगच ऑफलाइन मोड लावा. विकत घेताना स्टीमच्या पानावर उजवीकडे डेनुवो (नव्या गेमांचं कुलूप) किंवा वेगळ्या खात्याची अट लिहिलेली असते, ती वाचा. न जमल्यास १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात.

क्रॅकबद्दल एकच ठाम सूचना: जी फाइल अँटिव्हायरस बंद करायला सांगते ती चालवू नका. चालवून झाली असेल आणि मशीन रिकामी बसलेली असताना पंखा जोरात फिरत असेल, म्हणजे आत काहीतरी छुपं चालू असावं, तर नेट काढा, दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदला, सगळीकडचं लॉगिन तोडा आणि मशीन फॉरमॅट करा. नवा असेम्बल्ड कॉम्प्युटर घेताना «गेम भरून देतो» म्हणाले तर आधीच नको म्हणा.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण २००५ च्या पुराचं पाणी तिथेही शिरलं. म्हणून दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा: एक घरात वरच्या मजल्यावर, दुसरी नदीपासून लांबच्या नातेवाइकांकडे, विट्याला म्हणा किंवा जतला. प्रत्येक फोल्डरमध्ये कीचा फोटो, पॅच आणि कोणत्या विंडोजवर चालतो याची दोन ओळींची टीप ठेवा. दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, दोन्ही हार्ड डिस्क लावून एखादी मोठी फाइल उघडून बघा.