जिवाणूचा उपसा प्लेटवर कसा बघायचा

विहिरीत झरे कितीही येऊ देत, मोटर त्याहून जोरात उपसत असेल तर पाणी साठत नाही. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या बऱ्याच जिवाणूंमध्ये हेच चालतं. औषध आत शिरतं, पण मारक मात्रा साठण्याआधीच पंप ते बाहेर फेकतो. ई. कोलाय या जिवाणूचा ॲक्रएबी-टॉलसी हा असाच पंप. तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्येही तो बघता येतो, आणि मुलांना तो दाखवायलाच हवा.

औषधाऐवजी इथिडियम ब्रोमाइड हा रंग घ्या. हा पंप तेही उपसतो. उपसलं नाही तर ते डीएनएला चिकटून यूव्हीखाली नारिंगी चमकतं. 100 मिली ट्रिप्टिक सोय अगार (जिवाणू वाढवायचं माध्यम) ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून 50 अंशांपर्यंत निवू द्या. मग 1 मिग्रॅ/मिली ताकदीचं द्रावण 50 मायक्रोलिटर घातलं की 0.5 मिग्रॅ/लिटर झालं. असंच वाढवत 250 मायक्रोलिटरपर्यंत जा. एक प्लेट रंगाविना. प्लेटा त्याच दिवशी ओता, अंधारात ठेवा. रंग डीएनएत बिघाड करणारा आहे, नायट्राइलचे हातमोजे काढायचे नाहीत.

साधा के-12 (ई. कोलायचा प्रयोगशाळेतला वाण) आणि या पंपाचं ॲक्रबी जनुक काढलेला के-12, दोन्हींच्या द्रावणांचा गढूळपणा 0.5 मॅकफरलँडला (गढूळपणा मोजायचं प्रमाण) आणा. स्वॅबने मधून काठाकडे रेघा ओढा, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. 37 अंश, 16 ते 18 तास.

इथेच आपल्याकडे घोळ होतो. साध्या इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, तो थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच 42 वर असली तर 37 कुठून येणार? दिवाळीनंतर करा, आणि लाइन जाते म्हणून इन्व्हर्टर जोडून घ्या.

यूव्ही अडवणारा चष्मा लावून यूव्हीखाली बघा. पंप नसलेली रेघ कमी मात्रेतच चमकते, साधी बरीच उशिरा. पण रंग आतच कमी शिरत असला तरी रेघ काळी दिसते. म्हणून जोडीची प्लेट आणखी 24 तास 4 अंशांवर ठेवा. पंपाला लागणारी ऊर्जा थंडीत मिळत नाही, रंग मात्र हळूहळू झिरपत राहतो. काळी रेघ आता उजळली, तर उपसाच होता.

वापरलेल्या प्लेटांवर ब्लीच ओतू नका, त्यातून दुसरे घातक पदार्थ होतात. ऑटोक्लेव्हनेही रंग जात नाही. सीलबंद करून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. सिंकमध्ये टाकून किंवा आवारात पुरून चालणार नाही.