आकृतीआधी कारण: स्थूल अर्थशास्त्राचा मध्यम टप्पा कसा अभ्यासावा

पदवीच्या सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्न, गुणक आणि बँकांची पतनिर्मिती हे घटक पाठांतरावर निभावून जातात. पुढे आयएस-एलएम (वस्तुबाजार आणि पैशाचा बाजार एकत्र सोडवणारे प्रतिमान), फिलिप्स वक्र (बेरोजगारी आणि मजुरीवाढ यांचा संबंध) आणि सोलोचे वृद्धी प्रतिमान समोर आले की तीच सवय अडचणीची ठरते. नागपुरात विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसत आली आहे: आकृती सुबक असते, वक्र योग्य बाजूला सरकलेला असतो, पण तो का सरकला याचे एकही वाक्य नसते. मीही माझ्या विद्यार्थिदशेत असाच अभ्यास केला होता आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच ‘का’ला गप्प झालो होतो. म्हणून जे शब्दांत सांगता येत नाही ते आकृतीत काढायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

सुरुवात राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाच्या उजळणीने करावी, कारण साठा (एखाद्या क्षणी असलेले) आणि प्रवाह (ठरावीक काळात घडलेले) यांतील फरक तिथेच पक्का होतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी वाहून गेलेले सामान आणि खराब झालेली वाहने ही संपत्तीच्या साठ्यातील घट होती, आणि ती सकल देशांतर्गत उत्पादनातून वजा होत नाही. नंतर नव्याने बांधलेली भिंत किंवा त्या वर्षी तयार झालेला नवा फ्रिज मात्र उत्पादनात मोजला जातो, आणि बंद राहिलेल्या दुकानांचे जे काम बुडाले तेवढे उत्पादन कमी होते. ही तीन विधाने स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता आली, तर भांडवल, कर्ज आणि तूट यांच्यात पुढे गल्लत होणार नाही. तसेच आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात एकाच वेळी येऊन भाव पडले, तर ती सापेक्ष किमतीतील, म्हणजे इतर वस्तूंच्या तुलनेतील, घट आहे. तिला सर्वसाधारण किंमत पातळीतील घट म्हणू नये.

आता मुख्य भागाकडे येऊ. केन्सचा सिद्धांत १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३७ मध्ये जॉन हिक्स यांनी त्याला जो आराखडा दिला, त्यातून आयएस-एलएम उभे राहिले. हे प्रतिमान आकृती पाहून समजत नाही, हाताने सोडवून समजते. त्यासाठी एक अर्थव्यवस्था घ्यावी. उपभोग म्हणजे १५० अधिक करोत्तर उत्पन्नाच्या ०.८ पट; कर २५०; गुंतवणूक म्हणजे ३०० वजा व्याजदराच्या २० पट; सरकारी खर्च २५०. वस्तुबाजाराचा समतोल मांडला की उत्पन्न = २५०० − १०० × व्याजदर असे समीकरण मिळते; हाच आयएस वक्र. पैशाचा वास्तव पुरवठा ९०० आणि रोखीची मागणी उत्पन्नाच्या ०.५ पट वजा व्याजदराच्या ५० पट असेल, तर उत्पन्न = १८०० + १०० × व्याजदर; हा एलएम वक्र. दोन्ही एकत्र सोडवल्यावर व्याजदर ३.५ आणि उत्पन्न २१५० येते.

आता सरकारी खर्च ४० ने वाढवावा. सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातील उपभोगाचा वाटा) ०.८ असल्याने साधा गुणक ५ आहे, म्हणून उत्पन्न २०० ने वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात व्याजदर ४.५ होतो आणि उत्पन्न २२५०, म्हणजे वाढ केवळ १०० ची. उरलेले १०० कुठे गेले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उत्पन्न वाढले तशी रोखीची मागणी वाढली, पैशाचा पुरवठा तेवढाच राहिल्याने व्याजदर चढला, आणि गुंतवणूक २३० वरून २१० वर आली. ही २० ची घट गुणकाने पाचपट होऊन १०० होते. पाठ्यपुस्तकात ज्याला क्राउडिंग आउट म्हणतात ते हेच. नंतर रोखीच्या मागणीत व्याजदरासमोरील ५० च्या जागी १५० घेऊन हेच गणित पुन्हा करावे. तेव्हा उत्पन्न २३२५ वरून २४७५ वर जाते आणि वाढ १५० ची होते. रोखीची मागणी व्याजदराला अधिक संवेदनशील असेल, तर व्याजदर कमी चढतो आणि गुंतवणुकीला कमी धक्का बसतो. या एका गणितावर दोन संध्याकाळी खर्च झाल्या तरी त्या वाया जात नाहीत.

यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या देशात पैशाचा पुरवठा खरोखर स्थिर ठेवला जातो का? संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून आपण रोज जातो. तिच्या मुंबईतील मुख्यालयात सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ठरवते आणि तो दर टिकावा म्हणून बाजारात रोकड सोडली किंवा शोषून घेतली जाते. म्हणजे एलएम वक्र जवळपास आडवा होतो. वरच्या गणितात व्याजदर ३.५ वरच रोखून धरला, तर ४० च्या खर्चाने उत्पन्न पूर्ण २०० ने वाढते. मात्र भाववाढीच्या भीतीने समितीने दर चढवला, तर वाढ पुन्हा आक्रसते. २०१६ पासून समितीपुढे ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित ४ टक्के भाववाढीचे लक्ष्य आहे आणि २ ते ६ टक्के ही त्याची मर्यादा आहे. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला, तो या चौकटीतच.

फिलिप्स वक्र इतिहासक्रमाने वाचावा, नाहीतर तो परस्परविरोधी मतांचा ढीग वाटतो. १९५८ मध्ये फिलिप्स यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील मजुरी आणि बेरोजगारीचा संबंध दाखवला: बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. म्हणून थोडी भाववाढ सोसून बेरोजगारी कमी ठेवता येईल, असा सौदा त्यातून काढला गेला. १९६७-६८ मध्ये फेल्प्स आणि फ्रीडमन यांनी लोकांच्या अपेक्षा बदलल्या की हा सौदा टिकत नाही असा आक्षेप घेतला. १९७६ मध्ये लुकास यांनी तो आक्षेप सर्वच धोरणविषयक समीकरणांपर्यंत नेला.

सोलोच्या १९५६ च्या प्रतिमानात एवढेच पक्के करावे की बचतदर वाढल्याने उत्पन्नाची पातळी कायमची उंचावते, पण वृद्धीदर काही काळच वाढतो. दरडोई उत्पादन भांडवलाचे वर्गमूळ, घसारा ०.०५ आणि बचतदर ०.२ धरला तर स्थिर अवस्थेत (बचत आणि घसारा समान होतात तिथे) भांडवल १६ आणि उत्पादन ४ येते, बचतदर ०.२५ केला तर २५ आणि ५.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी वहीच्या शेवटच्या पानांवर संज्ञांची जोडयादी ठेवावी, कारण वर्गात ‘रोखता पसंती’ आणि संदर्भग्रंथात ‘लिक्विडिटी प्रेफरन्स’ असे दोन्ही भेटतात आणि परीक्षेच्या वेळी घोळ होतो. उत्तर लिहिताना आधी बहिर्जात चल (प्रतिमानाबाहेरून बदलणारी राशी, उदा. सरकारी खर्च) कोणते ते सांगावे, मग कारणांची साखळी लिहावी, आकृती शेवटी काढावी. सरावासाठी पतधोरण समितीचे इतिवृत्त वाचावे; बैठकीनंतर चौदाव्या दिवशी ते प्रसिद्ध होते आणि प्रत्येक सदस्याचे मत कारणांसह त्यात असते. दोन सदस्यांचे मतभेद दिसले की कोणता वक्र आणि कोणते प्राचल (समीकरणातील ०.८ किंवा ५० सारखा स्थिर आकडा) यांवर ते वेगळे आहेत हे वहीत एका परिच्छेदात लिहावे, आणि तो परिच्छेद वर्गमित्राला आकृतीशिवाय वाचून दाखवावा.