मॉरिस मायनर ट्रॅव्हलर विकण्याआधी: लाकडाची दुरुस्ती (माझा अनुभव)

ट्रॅव्हलर या जुन्या ब्रिटिश मोटारीची (१९५३–७१) मागची अ‍ॅश लाकडाची चौकट शोभेची नाही, बॉडीचा भार तीच पेलते. म्हणून कुजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून वॉर्निश मारणं ही सरळ फसवणूक आहे. भार पेलणारं लाकूड कुजलेलं निघालं, तर ब्रिटनच्या एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याची तपासणी) गाडी नापास होते.

पाणी मुरतं ते सरकत्या काचांच्या खाचेतून. खाचेतली नमदा पट्टी ओल धरते आणि खालची आडवी लाकडी पट्टी आतून कुजते. सांध्यात टोचा दाबून बघा. सहज रुतला तर तो तुकडा बदलायचाच. एका वेळी एकच बाजू उघडा आणि दाराच्या चौकटीला आधी तिरका आधार द्या, नाहीतर दारं पुन्हा बसत नाहीत. सांध्याला इपॉक्सी गोंद, स्क्रू स्टेनलेसचे. साध्या लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं.

नुसते काळे डाग असतील तर लिटरभर गरम पाण्यात ६०-७० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून लावा (हातमोजे हवेतच), मग सोड्याच्या पाण्याने धुवा. पूर्ण वाळल्यावर वॉर्निशचा पहिला हात पातळ, त्यावर पाच. तुकड्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र जोडण्यापूर्वीच वॉर्निश पाजा.

उघड्या चौकटीचे फोटो गिऱ्हाइकाला जरूर दाखवा.