घरातील व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाल्यास काय करावे

सर्वप्रथम पंचनाम्यात कोणता पदार्थ व किती वजन नोंदले आहे हे वकिलाकडून पाहून घ्यावे, कारण 1985च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा प्रामुख्याने वजनावर ठरते. गांजा 1 किलो, चरस 100 ग्रॅम आणि हेरॉइन 5 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती अल्प मात्रा होते. त्यात भेसळीचे वजनही धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये ठरवले. म्हणजे चोरट्या बाजारात विक्रेत्याने पुडीत जे काही मिसळले, ते शरीरात घेणाऱ्यालाच त्याचा कायदेशीर भारही सोसावा लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क आहे.

पुढची पायरी सर्वांत मोलाची आहे आणि दुर्दैवाने ती फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले, तर कलम 64-अ तिला त्या खटल्यापासून संरक्षण देते. मात्र ते रुग्णालय किंवा व्यसनमुक्ती केंद्र शासनाचे, स्थानिक स्वराज्य संस्थेचे अथवा त्यांची मान्यता असलेले हवे. म्हणून दाखल करण्यापूर्वीच मान्यतेच्या पत्राची प्रत मागावी, दाखल्याचे व तपासणीचे सर्व कागद जपावेत आणि ते जोडून वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. तेव्हा मारहाण करणारे, साखळीने बांधून ठेवणारे केंद्र कितीही जवळ असले तरी टाळावे, कारण तिथून माणूस पळून जातो. केंद्राच्या माहितीसाठी 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दोषी ठरल्यानंतरही कलम 39नुसार न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडू शकते.

आजारी माणसाला आधी आरोपी करायचे आणि मग उपचारांचा पुरावा त्याच्याकडेच मागायचा, ही रचनाच मला अन्यायाची वाटते. अटकेच्या भीतीने लोक डॉक्टरांपासूनही व्यसन लपवतात. पोर्तुगालने 2001मध्ये स्वतःपुरता, सुमारे 10 दिवसांचा साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले आणि अशी प्रकरणे उपचारांकडे वळवू शकणाऱ्या समित्यांकडे सोपवली. विक्री व तस्करी तिथेही गुन्हाच आहे. आपल्याकडेही कलम 27मधील सेवनाची शिक्षा रद्द व्हावी, असे वाटणाऱ्यांनी आपल्या खासदारांना आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला लेखी निवेदन द्यावे, कारण हा कायदा त्याच विभागाच्या अखत्यारीत येतो.