पावसाळ्यात ब्रॉयलर लंगडताहेत? आधी गादी तपासा

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या. हे पक्षी लंगडायला लागले की पाण्यातून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे द्यायची घाई होते. त्याआधी शेडच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-पंधरा पक्षी उचला आणि तळवे बघा. विष्ठा चिकटलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. डाग निघून गेला तर ती नुसती घाण होती. तळव्याच्या मधोमध तपकिरी-काळी खपली राहिली, तर कातडी जळालेली आहे, आणि हे काम बहुतेक वेळा ओल्या गादीचे, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थराचे असते.

ब्रॉयलरचे वजन झपाट्याने वाढते आणि शेवटच्या आठवड्यांत पक्षी दिवसाचा बराच वेळ बसून काढतो. गादी ओली असली की तळव्याची कातडी मऊ पडते आणि विष्ठेतून तयार होणारा अमोनिया तिला भाजतो. दुखऱ्या पायाचा पक्षी खाद्या-पाण्याकडे जायचा कंटाळा करतो, आणखी बसतो. मग पायाच्या मागच्या सांध्यावर (घोट्यावर) आणि छातीवरही डाग पडतात. जखमेतून जंतू आत शिरले की पाय सुजतो.

गादीची परीक्षा मुठीत होते. मूठभर तूस घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हलकेच भेगाळून सुटला तर ठीक. अजिबात न जमता धूळ उडाली तर गादी फार कोरडी आहे, पण पावसाळ्यात ती वेळ क्वचितच येते. ही परीक्षा शेडच्या मध्यावर नको, निपलच्या (चोच लावताच पाणी देणाऱ्या तोट्यांच्या) रांगेखाली आणि बाजूच्या जाळीलगत करा. ओल तिथूनच सुरू होते.

निपल फार खाली असेल तर पक्षी मान वाकडी करून पितो आणि बरेच पाणी खाली सांडते. मान किंचित वर ताणून पिता येईल इतक्या उंचीवर रांग ठेवा आणि पक्षी वाढेल तशी उचलत जा. बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराचे पाण्याचे भांडे) असेल तर त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीला हवी. गळके निपल त्याच दिवशी बदला. पागोळ्यांचे पाणी शेडला लागून साचत असेल तर चर खणून बाहेर काढा.

पडद्यांबाबत मात्र सर्रास चूक होते. पाऊस आला की चारी बाजूंचे पडदे वरपर्यंत बंद! शेकडो पक्ष्यांच्या श्वासातली आणि विष्ठेतली वाफ मग जाणार कुठे? पावसाच्या झडीची बाजू झाका, पण वरची फट उघडी ठेवा आणि पंखे चालू ठेवा. अमोनिया २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भागांच्या) खाली राहायला हवा. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून सकाळी आत शिरताच पक्ष्याच्या उंचीला वाकून वास घ्या.

गादी रोज खालीवर करा. ढेपळे बांधले असतील तर ते फोडून पुन्हा पसरू नका, उचलून बाहेर टाका आणि जागेवर कोरडे तूस घाला. ओल्या गादीवर चुना मारल्याने उलट अमोनिया जास्त सुटतो, त्यामुळे आधी ओल काढा. कळीचा चुना तर पक्षी असताना वापरूच नका, पाय भाजतात.

जागेची दाटी झाली की गादी आवरत नाही, म्हणून पावसाळी बॅचमध्ये पिल्ले थोडी कमीच घ्या. पहिल्या आठवड्यानंतर रात्री सलग किमान ४ तास अंधार द्या. पायांची तक्रार त्याने कमी होते.

तळवे स्वच्छ असूनही पक्षी लंगडत असतील तर कारण वेगळे आहे: मांडीच्या हाडाच्या टोकाला जंतुसंसर्ग, मुडदूस, मँगनीजच्या कमतरतेने घोट्यावरून सरकलेला स्नायूचा दोर. पातळ विष्ठेने गादी ओली होत असेल तर रक्ती हगवण किंवा खाद्यातले जादा मीठही तपासावे लागते. अशा वेळी ताजा मेलेला किंवा लंगडा पक्षी पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनाला न्या. उभाच राहू न शकणारा पक्षी कळपात ठेवू नका, इतर पक्षी त्याला तुडवतात.